बिनखवल्याचा कॉर्न स्नेक आणि कोकणातला पावसाळा

खाडीकाठ
बिनखवल्याच्या, म्हणजे स्केललेस सापांबद्दल इथल्या जाणकारांना विचारायचं आहे. मुख्यतः कॉर्न स्नेक (अमेरिकेतला बिनविषारी साप), जमल्यास बॉल पायथन (आफ्रिकेतला छोटा अजगर). प्रश्न तीन.
पहिला: बहुतेक व्हिडिओंत सांगतात की खवले नसल्यामुळे अंगातलं पाणी उडून जातं, म्हणून दिवसातून दोनदा फवारणी करा. खरं आहे का?
दुसरा: रत्नागिरी पट्ट्यात जुलैमध्ये पापड बाहेर ठेवला तर दहा मिनिटांत मऊ पडतो. अशा हवेत फवारणी करायची म्हणजे नक्की काय करायचं?
तिसरा: पिलांचं गणित. कोणाशी कोण जोडलं की काय निघतं?
आपल्याकडचा कुठलाही साप पाळायचा विषय नाही हे आधीच सांगतो, नाहीतर पहिले दहा प्रतिसाद त्यातच जातील.

मचवा
पहिला प्रतिसाद त्यातच, माफ करा :)
धामण असो, मांडूळ असो की विहिरीवरची दिवड, इथला साप घरात ठेवणं हा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार गुन्हा. ते तुम्हाला माहीत आहे, वाचणाऱ्या सगळ्यांना नसतं. परदेशी जातींचं म्हणाल तर २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि साइटिसच्या (वन्य जिवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीतले प्राणी अनुसूची ४ मध्ये आले. बॉल पायथन साइटिसच्या परिशिष्ट २ मध्ये आहे, त्यामुळे फेब्रुवारी २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंद लागते. पिल्लं झाली, साप मेला किंवा दुसऱ्याला दिला, तर तेही कळवायचं. कॉर्न स्नेक साइटिसच्या यादीत नाही. तरी आयातीचा कागद नसलेला साप घेऊ नका. विकणारा "कागद मागाहून देतो" म्हणाला की समजायचं, कागद नाही.

अर्धा_चहा
मेल्या, सापाक कपडेच नाय तर पावसात कुडकुडतलो ना रे तो! एखादा इरला शिवून घाल.

गोठ्याचे_डॉक्टर
पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही, पाणी असं उडून जात नाही.

आधी खवला म्हणजे काय ते बघा. पापलेट-सुरमई सोडा, पालू किंवा रावस घ्या. सुरी उलटी फिरवली की खवले सुटे उडतात, कारण माशाचा खवला ही कातडीच्या आतल्या थरात तयार झालेली वेगळी चकती असते. सापाचा खवला सुटा नसतो. ती वरच्या कातडीचीच जाड, केराटिन (आपल्या नखांत असतं ते) भरलेली घडी असते आणि दोन घड्यांच्या मध्ये मऊ, ताणली जाणारी कातडी. म्हणून कात टाकतो तेव्हा सगळा अंगरखा अखंड उतरतो.

पाणी अडवण्याचं काम या जाड घडीचं नाही. वरच्या कातडीत मेसोस नावाचा एक थर असतो, त्यातली चरबी ते काम करते. १९७२ मध्ये लिख्ट आणि बेनेट यांनी बिनखवल्याचा गोफर स्नेक (हाही अमेरिकेतला साप) आणि साधा गोफर स्नेक शेजारी ठेवून पाणी किती जातं ते मोजलं. बिनखवल्याचं पाणी जास्त गेलं नाही. पुढे १९८० मध्ये रॉबर्ट्स आणि लिलीव्हाइट यांनी कातडीतली ही चरबी काढून टाकली की पाणी भराभर झिरपतं हे दाखवलं. म्हणजे स्केललेस साप तहानेने मरतो ही समजूत पन्नास वर्षांपूर्वीच निकालात निघालेली आहे, व्हिडिओत मात्र अजून चालते.

खवला नसल्याने जातं ते चिलखत. घासणं, चावा, चटका आणि ओल, या चार गोष्टींपासून त्याला जपायचं.

जांभाचिरा
डॉक्टर, शिंगाळ्याला कुठे खवले असतात? तो तर चिखलात लोळतो, काही होत नाही त्याला.

गोठ्याचे_डॉक्टर
@जांभाचिरा, शिंगाळ्याला बुळबुळीत चिकट थर असतो, तो हातातून निसटतो तो त्यामुळेच. सापाच्या अंगावर असा थर नसतो. बिनखवल्याचा साप हाताला कोरडाच लागतो, फक्त मऊ आणि थोडा सुरकुतलेला. वळला की आतल्या बाजूला कातडीच्या बारीक चुण्या पडतात, कोपरावर पडतात तशा.

कोकम_आगळ
थोडा विरोध नोंदवते. फवारणी अजिबात नको असं सरसकट सांगू नका. स्केललेसची कात पातळ येते, टिश्यू पेपर ओला झाल्यावर फाटतो तशी फाटते. हवा कोरडी असेल तर तुकडे अंगावरच चिकटून राहतात, शेपटीच्या टोकाला आणि डोळ्यावर जास्त. शेपटीला जुन्या कातेची कडी राहिली आणि ती आवळत गेली तर टोक काळं पडून गळतं. डोळ्यावरची जुनी झापड नखाने काढायला जाऊ नये, खालचा डोळा कायमचा खराब होतो.

गोठ्याचे_डॉक्टर
कातेचा मुद्दा बरोबर. पण तो सगळ्या पाटावर (साप ठेवतो त्या खोक्यावर) पाणी मारून सोडवायचा नाही. डोळे दुधाळ झाले की एक छोटा डबा ठेवा, झाकणाला साप जाईल एवढं भोक, आत पिळून घट्ट केलेला ओला कापड किंवा मॉस. साप हवं तेव्हा आत जातो, नको तेव्हा बाहेर येतो. डोळे परत स्वच्छ झाल्यावर काही दिवसांत कात पडते, मग डबा काढून धुवायचा. बाकी पाट कोरडा.

वायंगणी
दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. इथे सगळे आर्द्रतेचा आकडा बाहेरच्या हवेचा धरतात, साप राहतो तो गरम केलेल्या पाटात.

पावसाळ्यात बाहेर २६ अंश आणि ९० टक्के. तीच हवा पाटात जाऊन ३० अंशांवर गेली की आर्द्रता साधारण ७१ टक्के होते, कारण गरम हवेत वाफ मावण्याची जागा वाढते आणि वाफ तेवढीच असते. आता डिसेंबरातली रात्र घ्या: २० अंश, ६० टक्के. तीच हवा ३० अंशांवर नेली की ३३ टक्के.

म्हणजे कॉर्न स्नेकला हवी ती ४० ते ६० टक्के आर्द्रता कोकणात जुलैत थोडी जास्त होते आणि डिसेंबर-जानेवारीत कमी पडते. कात अडकते ती थंडीत. पावसाळ्यात जो त्रास होतो तो हवेमुळे कमी आणि ओल्या अंथरुणामुळे जास्त. लोक नेमकं उलट करतात: पावसाळ्यात व्हिडिओ बघून फवारतात आणि थंडीत "कोकण दमटच असतं" म्हणून निवांत बसतात.

खाडीकाठ
वायंगणी, हे डोक्यात आलंच नव्हतं. मग पावसाळ्यात हीटर बंद ठेवायचा की चालू?

वायंगणी
चालूच, पण थर्मोस्टॅटवर, म्हणजे ठरवलेल्या तापमानाला हीटर आपोआप बंद करणाऱ्या यंत्रावर. पाटाच्या तळाच्या एक तृतीयांश भागाखाली मॅट (तापणारी चटई), आणि थर्मोस्टॅटचा प्रोब (तापमान मोजणारं टोक) मॅट आणि पाटाचा तळ यांच्या मध्ये टेपने पक्का चिकटवलेला. कॉर्नसाठी गरम टोक २९-३०, गार टोक २३-२५. बॉल पायथनला गरम टोक ३१-३२, गार २५-२७ आणि आर्द्रता ६० च्या आसपास. मे महिन्यात खोलीच ३३ वर जाते, तेव्हा मॅट आपोआप बंद राहते आणि गार टोक मिळणंच कठीण होतं. पाट जमिनीलगत, उत्तरेच्या भिंतीशी ठेवा, पत्र्याखालच्या माळ्यावर नको.

थर्मोस्टॅटशिवाय मॅट ४० च्या वर सहज जाते. खवलेवाला सापसुद्धा चटका बसेपर्यंत हलत नाही, पोटाखालची जागा तापतेय हे त्याला वेळेवर उमगत नाही. बिनखवल्याच्या बाजूच्या कातडीवर चटक्याचा फोड लवकर येतो. आणि आपल्याकडची खास गोष्ट: लाइट जाऊन आली की काही स्वस्त थर्मोस्टॅट आपली सेटिंग विसरतात. विकत आणल्यावर साप ठेवायच्या आधी दहा वेळा प्लग काढून घालून बघा, आकडा तोच राहतो का.

जांभाचिरा
लपायला जांभ्याचा तुकडा कोरून ठेवला तर? दिसतो पण छान.

कोकम_आगळ
नको, अजिबात नको. जांभा म्हणजे किसणी. धामण चिऱ्याच्या गडग्याला अंग घासून कात काढते ती तिला खवले आहेत म्हणून. स्केललेसला तिथे ओरखडे पडतील. नदीतला गुळगुळीत गोटा चालेल, तोही हलणार नाही असा बसवून, नाहीतर खाली साप दबतो.

लपायला नारळाची अर्धी करवंटी सगळ्यात स्वस्त. पण कापलेली कड तशीच ठेवू नका. डवली (करवंटीचा पळा) करताना घासतात तशी आतून-बाहेरून घासायची: आधी ८० नंबरचा काचपेपर, मग २२०, शेवटी ४००. वरची शेंडी पूर्ण जाळून किंवा खरवडून काढायची. मग नायलॉनचा जुना पायमोजा कडेवरून फिरवायचा. कुठे धागा अडकला तर तिथे अजून घासायचं.

रानवाट
पायमोज्याची युक्ती पाटाच्या भोकांनाही लावा. प्लॅस्टिकच्या पाटाला हवेची भोकं सोल्डरिंगच्या सळईने पाडतात. सळई बाहेरून आत घातली की वितळलेल्या प्लॅस्टिकची खरखरीत कड आतल्या बाजूला उभी राहते. साप रात्रभर कडेकडेने नाक घासत फिरतो आणि सकाळी तोंड सोललेलं. सळई नेहमी आतून बाहेर घालायची, मग ब्लेडने कड सपाट करायची. भोकं ४-५ मिलिमीटरची, दोन समोरासमोरच्या बाजूंना, एका बाजूला खाली आणि दुसरीला वर, म्हणजे हवा आडवी-तिरकी फिरते. पावसाळ्यात दोन्ही बाजूंना भोकांची एक रांग जास्त असली तर वायंगणींचे ७१ टक्के सुसह्य होतात.

अर्धा_चहा
सापासाठी पायमोजो, करवंटीक पॉलिश... घरातल्या माणसांनी काय घोडा मारला?

कोकम_आगळ
@अर्धा_चहा :D
अंथरुणाचं राहिलं. नारळाच्या सोडणाचा भुसा इथे फुकट मिळतो म्हणून सगळे तोच घालतात. पावसाळ्यात तो हवेतली ओल धरून बसतो आणि त्यात काथ्याचे कडक तंतू नि करवंटीच्या चिपा असतात. साधे कागदी टॉवेल किंवा कोरी वर्तमानपत्रं घाला, चार थर. घाण झाली की त्याच दिवशी बदला, नाहीतर तीन-चार दिवसांनी. पाण्याचं भांडं गार टोकाला. मॅटच्या वर ठेवलं की पाटात वाफारा होतो आणि झाकणाला थेंब लागतात. झाकणावर थेंब दिसले की काहीतरी चुकलंय.

गोठ्याचे_डॉक्टर
ओल्या अंथरुणाचा परिणाम काय दिसतो तेही लिहितो. आधी पोटाकडे किंवा कुशीला फिकट पिवळसर पाण्याचे फोड. मग ते फुटून तपकिरी चट्टे आणि त्यात जंतू. खवलेवाल्या सापात हे खवल्याच्या कडेखाली लपून राहतं, बिनखवल्यात पहिल्याच दिवशी दिसतं, ही त्यातल्या त्यात सोय. सगळ्यात आधी पाट कोरडा करा, कागद रोज बदला. पोविडोन आयोडीन कोऱ्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून जखम पुसा. फोड स्वतः फोडू नका. दोन दिवसांत उतार नसेल, किंवा साप तोंड उघडून श्वास घेत असेल, तर प्राण्यांच्या डॉक्टरकडे. घरातलं वेदनाशामक मलम लावू नका, त्यातली बधिर करणारी औषधं सरपटणाऱ्यांना सोसत नाहीत. गोचिडीची फवारणीची औषधंही हात राखून. पिसवांसारखे बारीक काळे जीव डोळ्याच्या खोबणीत किंवा पाण्याच्या भांड्यात दिसले तर आधी डॉक्टर, मग औषध.

मचवा
आणि जिवंत उंदीर घालू नये हे कोणी लिहिलंच नाही. साध्या सापालाही उंदीर चावतो, याला तर लोण्यात दात गेल्यासारखा. गोठवलेला उंदीर आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, सकाळी पिशवीत बंद करून कोमट पाण्यात, पोटातला थंडपणा जाईपर्यंत. मग लांब चिमट्याने. लाइट बराच वेळ जाऊन फ्रीजरमधला साठा पाघळला तर तो परत गोठवू नका, टाकून द्या. दीड दिवस वीज नसणं आपल्याकडे जूनमध्ये नवल नाही, म्हणून दोन महिन्यांचा साठा एकदम करू नये.

रानवाट
आता तिसरा प्रश्न, पिलांचं.

कॉर्नमध्ये हा गुण प्रच्छन्न आहे, म्हणजे जनुकाच्या दोन्ही प्रती असल्या तरच दिसतो. एका प्रतीवाला (लोक याला हेट म्हणतात) दिसायला साधाच. हेट × हेट केलं तर प्रत्येक अंड्यात स्केललेस निघण्याची शक्यता चारात एक. चारात एक म्हणजे चार अंड्यांत एक नक्की, असं नव्हे. बारा अंडी घातली तरी एकही स्केललेस न निघण्याची शक्यता सुमारे ३ टक्के, सहा अंड्यांत तीच जवळजवळ १८ टक्के. साध्या दिसणाऱ्या पिलांतली दोन तृतीयांश हेट असतात, म्हणून विक्रेते "६६ टक्के हेट" लिहितात. तो आकडा एका सापाबद्दल काहीच पक्कं सांगत नाही.
स्केललेस × हेट केलं की निम्मी-निम्मी. स्केललेस × साधा: सगळी साधी दिसणारी, सगळी हेट.

बॉल पायथनचं वेगळं. तिथे एक प्रत असली तरी दिसते: डोक्यावरचे खवले गायब, म्हणून स्केललेस हेड. स्केललेस हेड × स्केललेस हेड केलं की चारात एक पूर्ण स्केललेस, दोन हेड, एक साधा. पहिला पूर्ण बिनखवल्याचा बॉल पायथन २०१३ च्या सुमारास अमेरिकेत निघाला. कॉर्नमधला गुण त्याच्या बराच आधी, ग्रेट प्लेन्स रॅट स्नेकशी झालेल्या संकरातून आला असं मानतात. म्हणजे आज जे स्केललेस कॉर्न मिळतात त्यांच्या रक्तात थोडा दुसऱ्या जातीचा वाटा आहे. शुद्ध कॉर्न म्हणून विकणाऱ्याला हे विचारून बघा.

जांभाचिरा
पण खवले जातात तर पोटाचे का नाही जात? फोटोत पोटावर पट्ट्या दिसतात.

गोठ्याचे_डॉक्टर
चांगला प्रश्न. पाठीवरचे खवले आणि पोटावरच्या पट्ट्या एकाच पद्धतीने मांडल्या जात नाहीत. २०२३ मध्ये जिनिव्हाच्या संशोधकांच्या चमूने कॉर्न स्नेकच्या गर्भात हेच तपासलं. पोटाच्या पट्ट्यांची जागा मणके-बरगड्या ज्यापासून होतात त्या खंडांवरून ठरते. पाठीवरची षटकोनी जाळी कातडीत आपली आपण उमटत जाते, तीही पोटाच्या पट्ट्यांचा आधार घेऊन. बिनखवल्यात पाठीची जाळी उमटत नाही, पोटाच्या पट्ट्या बहुतेक शाबूत राहतात. म्हणून तो नीट सरपटतो आणि चढतोही. रापणीत येणारा समुद्रसाप आठवा. त्याच्या पोटाच्या पट्ट्या आक्रसलेल्या असतात, वाळूत टाकला की नुसता वळवळतो, पुढे सरकत नाही.

याच चमूने २०१६ मध्ये बियर्डेड ड्रॅगन या सरड्याच्या बिनखवल्याच्या रूपात इडीए नावाच्या जनुकातला बिघाड दाखवला होता. तेच जनुक माणसात बिघडलं तर केस, दात आणि घामाच्या ग्रंथी नीट होत नाहीत. केस, पिसं, खवले यांची सुरुवात एकाच ठिपक्यातून होते हे त्यातून दिसलं.

मचवा
अवांतर, पण राहवत नाही. फुरसं जो करवतीसारखा आवाज काढतं तो कुशीवरचे दातेरी खवले एकमेकांवर घासून. त्याला स्केललेस केलं तर मुकं फुरसं होईल. आपल्याकडे ते परवडणारं नाही, आवाजामुळेच पाय मागे येतो.

रानवाट
अवांतरात माझी भर. पहिल्या पावसात "बिनखवल्याचा साप सापडला" असे फोटो येतात ते बहुतेक देवगांडूळ असतात. तो साप नाही, बेडकासारखा उभयचर. ओलसर, चमकदार, अंगावर कड्या. आणि गंमत म्हणजे त्याच्या कड्यांच्या घडीत बारीक खवले दडलेले असतात. बिनखवल्याचा म्हणून प्रसिद्ध, आणि खवले आहेत!

वायंगणी
जोडी लावायची ठरलीच तर एक गोष्ट. नर काही वेळा मादीच्या मानेला धरतो. दोन्ही स्केललेस असतील तर ओरखडे ठरलेले. एक बाजू हेट, खवलेवाली ठेवा, पिल्लं सरासरी निम्मी स्केललेस येतात आणि कातडीही वाचते. अंडी २७ ते २९ अंशांवर, साधारण दोन महिने. कोकणात एप्रिल-मेमध्ये हा डबा गरम करायची गरज पडत नाही, थंड ठेवायची पडते. ३२ च्या वर गेलेली अंडी बिघडायला वेळ लागत नाही.

खाडीकाठ
सगळ्यांचे आभार. म्हणजे फवारणी बंद, डबा फक्त कातेच्या वेळी, कागद, आणि थंडीत लक्ष. शेवटचं एक: आर्द्रता मोजायचं यंत्र पाटात कुठे लावायचं? गरम टोकाला की गार?

वायंगणी
दोन्ही टोकांना एकेक. एकच असेल तर गार टोकाला, सापाच्या उंचीवर, झाकणाला नको. आणि नवीन यंत्र आधी तपासून घ्या: बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, दोन-चार थेंब पाणी टाकून चिखलासारखं करा, यंत्राबरोबर हवाबंद पिशवीत आठ तास ठेवा. आकडा ७५ च्या आसपास आला पाहिजे. ८२ दाखवलं तर त्या यंत्रावर चिकटपट्टी लावून "वजा ७" लिहून ठेवा. जुलैत त्या सातांनीच सगळा घोळ होतो.

अर्धा_चहा
मीठ आमच्या शिरोड्याचा घेतलास तर चलात काय?

वायंगणी
चालेल. खडे मात्र बारीक कुटून घ्या.